अकरा पानं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आणि सांगायची संधी मला दर महिन्याला मिळते, हेही आधीच सांगून टाकते.

डोंबिवलीत आमचं डाव्या विचारांचं एक अभ्यास मंडळ आहे. रविवारी सकाळी एका क्लासची खोली आम्हाला मिळते, तिथे शाळकरी बाकांत गुडघे कोंबून आम्ही बसतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आत्मटीका असते. एकेकाने उभं राहायचं आणि आपली चूक आपणहून सांगायची. मी यात तरबेज आहे. उशिरा आल्याचं मी कबूल केलंय. मॉलमध्ये जाऊन कॉफी प्यायल्याचं कबूल केलंय. एकदा काही केल्या चूक सापडेना, तेव्हा ‘माझ्यात आत्मसंतुष्टता वाढते आहे’ असं म्हणाले — सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. इतक्या कबुल्या दिलेल्या बाईकडे लपवायला काही उरलं असेल, असं कोणाच्या मनात येईल?

उरलंय.

मी कल्याणजवळच्या मोहन्यात वाढले. बाबा कारखान्यात, आणि कारखान्यापेक्षा जास्त युनियनमध्ये. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. ‘ध’ मला धरणे आंदोलनामुळे आला. ‘राजेसाहेब’ ही आमच्या घरातली शिवी होती. बाबांनी एक सवय मात्र पक्की लावली — हातात पेन्सिल असल्याशिवाय वाचायचं नाही. पटलं तर रेघ मारायची, नाही पटलं तर समासात भांडायचं.

अशा मुलीने कॉलेजात असताना कल्याणच्या एका वाचनालयातून ड्रॅगनांच्या इंग्रजी मालिकेचा पहिला खंड आणला. कशासाठी? तिच्याविरुद्ध लिहायला. खरंच सांगते, हेतू शुद्ध होता. पुढे नकाशा, मागे राजघराण्याची वंशावळ — पहिल्या पन्नास पानांत मी समासात अकरा वेळा ‘सरंजामी’ लिहिलं. दुसऱ्या खंडापर्यंत मी राजनिष्ठ झाले होते. गादीवरून हाकललेला राजपुत्र तबेल्यात लपून राहतो. मी विचार कोणाचा करायला हवा होता? तबेल्यातल्या नोकरांचा. मी करत होते राजपुत्राचा. सातव्या खंडात त्याला मुकुट घातला तेव्हा मी हुंदके देऊन रडले, मग तोंड धुऊन स्टेशनबाहेर घराणेशाहीविरुद्धची पत्रकं वाटायला गेले. त्या दिवशी माझा आवाज फार छान लागला होता.

पण ही ती चूक नाही. ही आवड आहे. आवडीला लोक हसतील, एवढंच.

चूक जितेशच्या बाबतीतली आहे.

जितेश शीळफाट्याजवळच्या गावातला. त्याच्या आजोबांची पिढी खाडीवरच्या मिठागरांत राबलेली. आता त्यांच्या जमिनीवर इमारती आहेत. सहा वर्षांपूर्वी तो मंडळात यायचा, मागच्या बाकावर बसायचा, आणि कोणालाही न सांगता त्याने एक कादंबरी लिहिली होती. तीनशे बारा पानं, स्पायरल बाइंडिंग, वर ‘खंड पहिला’. मला म्हणाला, तू कडक आहेस, तू आधी वाच.

त्यात एक राज्य होतं, खाडीच्या काठचं. ड्रॅगन नव्हता. निवटी होती — आपण बाजारातून आणतो तोच चिखलातला बोटाएवढा मासा, पण कल्याणच्या पत्रीपुलाएवढा. मिठागरांखाली हजार वर्षं झोपलेला. वरच्या मिठामुळे त्याची झोप टिकते. आणि भिवरी नावाची एक बाई, जी पहाटे बांधावरून चालत जाऊन मीठ कुठे कमी झालंय ते जिभेने चाखून सांगते. एकेक मिठागर बुजत जातं, आणि निवटी कूस बदलते.

मी ती दोन दिवसांत संपवली. जेवताना वाचली, रिक्षात वाचली. समासात भांडले, पण कसली भांडणं ती? ‘नको नको नको.’ ‘हिला मारलंस तर तुझ्याशी बोलणार नाही.’ ‘अगं, मागे बघ बये.’ पान दोनशे चाळीसवर भिवरीचा म्हातारा बाप मिठाच्या ढिगावर बसल्या बसल्या जातो, तिथे मी काही लिहिलेलं नाही. तिथला कागद नुसता सुरकुतलाय. शेवटच्या पानावर भिवरी मिठाची पाटी घेऊन निवटीच्या उघड्या जबड्यात उभी राहते, आणि खंड संपतो. मी लगेच परत पहिल्या पानापासून सुरुवात केली.

मग रविवार आला. जितेशने एक प्रकरण वाचून दाखवलं. मंडळाचे ज्येष्ठ — आम्ही त्यांना सर म्हणतो — त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि माझ्याकडे बघितलं. ‘तू वाचलंयस ना? बोल.’

आता मला काय म्हणायचं होतं? की सर, मी दोनदा वाचलं, की मला दुसरा खंड हवाय, आजच हवाय? पण तेव्हा माझीही एक कादंबरी होती. विषय कारखान्याची टाळेबंदी, भूमिका निर्दोष. ती सरांना दिली होती. त्यांनी आठवड्याने परत केली आणि फार मायेने म्हणाले, ‘अकराव्या पानापर्यंत आलो गं, पुढे काही जाववेना.’

मी उभी राहिले. म्हणाले, ‘मी अकरा पानं वाचली. पुढे जाववलं नाही.’

किती सहज आलं ते तोंडात. मग थांबताही येईना. म्हणाले, ही पळवाट आहे. म्हणाले, यात कामगार कुठे आहे?

जितेश बाकावरूनच म्हणाला, ‘मंग मिठागरान कोन असतं गो?’

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच मी म्हणाले, ‘ड्रॅगन परवडला नाही म्हणून निवटी आणलीस का?’

अख्खी खोली हसली. सर हसले. जितेशही हसला, आणि हसता हसता त्याने वाचायला आणलेली प्रत पिशवीत घातली. पुढच्या रविवारी तो आला नाही. मी मात्र त्या बोलण्याचं पत्रक केलं, ते बरंच फिरलं, आणि लोक मला लेखिका म्हणायला लागले ते तेव्हापासून.

गेल्या महिन्यात मी शीळफाट्याला बसची वाट बघत उभी होते. एक गाडी थांबली, आत जितेश. त्याचा आता लग्नाचा हॉल आहे. कल्याणपर्यंत सोडतो म्हणाला. सोबत पाच वर्षांची मुलगी, मागच्या सीटवर चपला काढून मांडी घालून बसलेली.

‘तू बरा केलास तवा,’ तो म्हणाला. राग नाही, काही नाही. ‘अकरा पानांत मानूस धरता येत नाय, तर पुढं कशाला लिवायचं? सोडून दिलं मी.’



मग म्हणाला, जुनं घर पाडलं त्यात कॉम्प्युटर गेला, त्याची स्वतःची प्रतही गेली. मुलगी रोज गोष्ट मागते, आणि ती गोष्ट काही त्याला धड आठवत नाही. ‘तुझ्याकडं दिलेलं बाड हाय का गो कुठं?’

मागून मुलगी म्हणाली, ‘बाबा, माशाची?’

‘हां. माशाची.’

तेव्हा सांगता आलं असतं. गाडीत तिघंच होतो, सर नव्हते, खोली नव्हती. मी म्हणाले, ‘रद्दीत गेलं असेल रे.’

‘जाऊ दे,’ तो म्हणाला, आणि मला कल्याणला उतरवताना नीट जा म्हणाला.

रद्दीत गेलेलं नाही. माझ्या कपाटात आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मी खोडरबर घेऊन बसले — समास कोरे केले तर परत देता येईल, सापडलं म्हणून सांगता येईल, अकरा पानं वाचलेलीच राहतील. पहिली चाळीसेक पानं साफ केलीही. मग भिवरी बांधावर आली, आणि माझं खोडायचं राहून गेलं. शेवटपर्यंत वाचतच बसले. दोनशे चाळीसाव्या पानाला तर खोडरबर काय करणार?

तर ते असं आहे. मी तीनशे बारा पानं वाचली होती. आता तिसऱ्यांदा वाचली. ती ज्या मुलीला ऐकायची आहेत ती माझ्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर राहते, आणि बाड माझ्याकडे आहे. मी अजून गेलेले नाही.