दोनदा घेतलेला नारळ

"हस की गो जरा," तात्या म्हणाला. "फोटो काढतायत."

मी स्टेजवर उभी होते. स्टेज कसला, मराठी शाळेच्या व्हरांड्यात चार बाकं जोडून वर सतरंजी टाकलेली. मागे बॅनर. त्यावर एकमेकांत अडकवलेले दोन हात आणि सलोख्याचं काहीतरी लिहिलेलं. समोर पटांगणात एका बाजूला गाव बसलेलं, दुसऱ्या बाजूला आमचा मोहल्ला. मधे वाट सोडलेली. कार्यक्रम सलोख्याचा, पण ती वाट कोणी ओलांडली नाही.

तात्या म्हणजे आमच्या गावकीचा प्रमुख. लग्न, मयत, बांधाचं भांडण, सगळं त्याच्या ओटीवर सुटतं. त्यानं माझ्या हातात नारळ दिला. शेजारी माझे अब्बा उभे होते, उजवा हात गळ्यात बांधलेला. तात्यानं त्यांचा डावा हात मनगटाला धरून उचलला आणि नारळाला लावला. बिगरीतल्या पोराचा हात धरून पाटी गिरवून घेतात, तसा. अब्बांनी लावू दिला.

तेवढ्यात मदतीला आलेल्या संस्थेच्या मॅडम खालून म्हणाल्या, "सॉरी तात्या, उजेड मागून येतोय. परत एकदा द्याल का? आणि तू थोडं इकडे बघ ना."

तात्यानं नारळ माझ्याकडून काढून घेतला. परत दिला. मी परत घेतला. गावाच्या बाजूनं कोणीतरी फिसकन हसलं. मंगेश होता, तात्याचा मुलगा. ट्रकमधून आमच्या छपराचे पत्रे उतरवायला तोच पुढे होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. माझ्या बापाचा हात त्यानंच मोडला होता.

नारळाचं काय ते सांगते. आमच्याकडे भांडण मिटलं की गावकीसमोर नारळ देतात. ज्याचं नुकसान झालं त्यानं तो घ्यायचा. घेतला की विषय संपला. परत तोंडातून काढायचा नाही. पोलिसात नाही, कोर्टात नाही. काढला तर वाळीत. मग दुकानात सामान नाही, चक्कीवर दळण नाही, लावणीला माणूस नाही, मेलं तरी दारात कोणी येत नाही. हिंदू असो की मुसलमान, रीत सगळ्यांना सारखी. माझ्या आज्यानं एका बांधापायी असा नारळ घेतला होता. मरेपर्यंत त्या बांधाकडे त्यानं मान वळवून बघितलं नाही.

आणि मी तो दोनदा घेतला. उजेड मागून येत होता म्हणून.

गावाचं नाव सांगत नाही. महाडवरून पोलादपूरकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की जी गावं लागतात, त्यातलं एक समजा. अब्बांचं शिलाईचं दुकान एस.टी.च्या थांब्याला लागून होतं. शाळेचे गणवेश, भजनी मंडळाचे सदरे, नवरीचे ब्लाऊज, सगळं तिथेच शिवलं जायचं. मंगेशची पहिली फुलपँट अब्बांनी शिवली. तिची काजं मी केली, सातवीत होते तेव्हा.

मग मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला. तो इथला नव्हताच. दुपारी तीनच्या सुमाराला नाक्यावर माणसं जमली. संध्याकाळपर्यंत आमची दुकानं फुटली, मोहल्ल्यातली घरं पेटली. बाहेरून दोन टेम्पो भरून पोरं आली, हे खरं आहे. पण कुठलं दुकान कोणाचं, हे त्या टेम्पोवाल्यांना कोणी दाखवलं? आमच्या दुकानावर तर पाटीसुद्धा नव्हती.

मी आत कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसले होते. अब्बा बाहेर पळाले होते, ते मशीनसाठी परत आत आले. मंगेश दारात आला. हातात पहार. तोंडाला रुमाल होता, तो गळ्यात उतरलेला. त्यानं अब्बांना ओळखलं. हे मी शपथेवर सांगते, ओळखलं.

"हात काढा चाचा," म्हणाला.

अब्बांनी मशीनवरचा हात काढला नाही.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी सांगितलं, तोंडं बांधलेली होती, कोणी दिसलं नाही. कागदावर 'अज्ञात इसम' आलं. ते मीच आणलं, भीतीनं. दुसऱ्या कोणाला काय बोल लावू.

संस्था मुंबईहून आली. माणसं वाईट नव्हती. तांदूळ दिला, डाळ दिली, औषधं दिली. अब्बांना त्यांच्याच गाडीतून महाडला नेलं आणि हाताचे एक्स-रे काढून आणले. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बोटांत कात्री धरायचं बळ येणार नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा. खरंच आलं, मी बघितलं.

पण पत्रे आणि सिमेंट कोणाला द्यायचं हे ठरवायला त्यांना एक समिती हवी होती. त्यांनी गावात विचारलं, इथे शब्द कोणाचा चालतो? लोकांनी तात्याचं नाव सांगितलं. खोटं काय होतं त्यात? झाला तात्या शांतता समितीचा अध्यक्ष. म्हणजे ज्यांची घरं जळाली, त्यांनी पत्र्यासाठी तात्याच्या ओटीखाली जाऊन उभं राहायचं. तो वर झोपाळ्यावर. आम्ही खाली, चपला काढून. मग मॅडमनी त्याला विचारलं की भांडण मिटवायची तुमची जुनी काही पद्धत आहे का. तात्यानं नारळाचं सांगितलं. अर्धंच सांगितलं.

आमच्या जमातीतले दोन बुजुर्गही त्या समितीत होते. त्यांच्यातले एक मला म्हणाले, "पोरी, मिरगाच्या आत डोक्यावर पत्रा पायजे. पोरं तिकडं सौदीत हायत, त्यांना घोर नको. घे नारळ नि मोकळी हो." त्यांचं घर पुरतं जळालं होतं. तीन नातवंडं ताडपत्रीखाली झोपत होती. मी त्यांच्यावर चिडू तरी कशी.

फॉर्मच्या शेवटी एक ओळ छापलेली होती. 'सदर प्रकार बाहेरील व्यक्तींनी केला असून आमचे गावातील कोणाशीही वैर नाही.' त्याखाली मी सही केली. अब्बा जन्मभर मराठीत वळणदार सही करायचे. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. अंगठ्याची शाई त्यांनी लुंगीला पुसली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

पत्रे चढले. वाटप सोपं जावं म्हणून समितीनं मोहल्ल्यातल्या घरांच्या भिंतींवर नंबर टाकले. तांबड्या रंगानं, हातभर मोठे. गावातल्या घरांना नाही, फक्त आमच्या. आमचा नंबर नऊ. आता परत टेम्पो आले तर दाखवायलासुद्धा कोणी लागणार नाही.

मॅडमना हे सुचलंही नसेल.

मी बारावी झालेली, मराठी धड वाचणारी. संस्थेनं मला कामावर घेतलं. गळ्यात ओळखपत्र, हुद्दा 'सलोखा सखी'. काम एवढंच की उरलेल्या घरांतून त्याच फॉर्मवर सह्या आणायच्या. दुकान गेलेलं, अब्बांचा हात गेलेला. मी हो म्हटलं. सकाळी थांब्यावरून जाताना मंगेश मोटारसायकलवर रेलून बसलेला असायचा. वाट अडवायचा नाही, हात लावायचा नाही. फक्त म्हणायचा, "नारळ घेतलास ना गो? मग खाली बघून चल." आणि मी खाली बघून चालायचे. आज लिहितानासुद्धा कानशिलं तापतात माझी.

सकीनाखाला, साऱ्या मोहल्ल्याची मावशी, टोकाच्या घरात एकटी राहायची. तिचा शेळ्यांचा गोठा जळाला होता, शेळ्यांसकट. तिचा फॉर्म घेऊन मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी तिनं मला समोर बसवलं आणि विचारलं, "वाचून दाखव काय लिवलंय ते." मी वाचलं.

"बाहेरच्यांनी केलं?"

"हां खाला."

"तुझ्या बापाचा हातबी बाहेरच्यांनीच मोडला काय गो?"

तिची नजर माझ्यावरच होती. बाहेर चुलीवर पाणी उकळत होतं. मी म्हटलं, "हां."

तिनं अंगठा पुढे केला. माझ्या त्या एका 'हां'वर दिला तिनं. मी शाईची डबी उघडली आणि तिचा अंगठा धरून कागदावर दाबला. बरोब्बर तात्यानं अब्बांचा हात धरला होता, तसाच. ते दाबतानाच कळलं मला. थू माझ्यावर. मी तो कागद तिथेच फाडला. खालानं उठून मला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. त्यांचं ऑफिस पोलादपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. नारळाची उरलेली अर्धी गोष्ट त्यांना सांगितली. वाळीत टाकणं सांगितलं. मंगेशचं नाव सांगितलं. भिंतीवरच्या नंबरांचं सांगितलं. त्या नीट ऐकत होत्या, मधे मधे मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "हे बघ, ही तुमचीच परंपरा आहे. आम्ही बाहेरून काही लादत नाही, हीच तर आपल्या कामाची ताकद आहे. आणि तुला मागे कशाला जायचंय? पुढे बघ. पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत, तू छान बोलतेस, तूच बोल."

बरं, म्हटलं. बोलते.

पाहुणे आले. दोन परदेशी, तीन मुंबईचे. परत तेच व्हरांड्याचं स्टेज, तीच मधली वाट. तात्या फेटा बांधून पहिल्या खुर्चीत. मॅडमनी माईक माझ्या हातात दिला. त्या शेजारी उभ्या राहिल्या, पाहुण्यांना इंग्रजीत सांगायला. मी म्हटलं, "माझ्या बापाचा उजवा हात मंगेशनं मोडला. पहारीनं. मी बघत होते. त्या कागदावरची माझी सही खोटी आहे."

मंगेश उठून उभा राहिला. तात्या हलला नाही.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, क्षणभरच. मग पाहुण्यांकडे वळल्या आणि बोलल्या. माझं इंग्रजी काही फार नाही, पण तेवढं कळलं. वडिलांना दुखापत झाली, खूप सोसलं, आज ही गावाची व्हेरी ग्रेटफुल आहे. परदेशी बाईंनी छातीवर हात ठेवला. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून गावानं वाजवल्या. मग आमच्या बुजुर्गांनीपण.

टाळ्या वाजत होत्या आणि मी माईक धरून उभी. रडू आलं नाही मला. एवढंच डोक्यात आलं की हा माईक यांचा आहे. यातून मी काहीही बोलले तरी पलीकडे यांना हवं तेच निघणार. मंगेशनं अब्बांचा हात मोडला आणि यांनी माझी जीभ उसनी नेली, न विचारता. मी माईक खाली सतरंजीवर ठेवला, ओळखपत्र काढून त्याच्यावर ठेवलं आणि त्या मधल्या वाटेनं चालत बाहेर आले. सरळ थांब्यावर. महाडची गाडी उभी होती.

पोलीस ठाण्यात हवालदारानं विचारलं, "इतके दिवस कुठं होता?"

"घाबरले होते," म्हटलं.

त्यानं कागद घेतला. पुरवणी जबाब असतो, तो. मी सांगत गेले, तो लिहीत गेला, आणि शेवटी मला वाचून दाखवला. मी जे बोलले तेच त्यात होतं. शब्दाला शब्द. दर पानावर सही केली.

त्याला आता पाच महिने झाले. चक्कीवाला दळण घेत नाही, मी पोलादपूरहून पीठ आणते. दुकानदार समोर असलेली साखर नाही म्हणतो. जमातीतले बुजुर्ग सलाम घेत नाहीत. त्यांना वाटतं, माझ्यापायी परत आग लागेल. लागेलही. भिंतीवरचा नऊ पावसानं फिका पडला होता, परवा सकाळी बघते तर कोणीतरी त्यावर परत ब्रश फिरवलेला. बोट लावलं तर रंग ओला होता. सकीनाखाला तेवढी दिवसातून एकदा येते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि दारात बसून विडी ओढते. तिनंही जबाब दिलाय. अब्बा डाव्या हातानं सुई ओवायचा प्रयत्न करतात. होत नाही. परत करतात.

आणि काल तात्या स्वतः आला. पहिल्यांदाच आमच्या दारात. ओटीवर बसला नाही, उभाच राहिला.

"पोराचं काय व्हायचं ते होऊ दे," म्हणाला. "वकील बघील त्याचं. पण माझं नाव कोर्टात येता कामा नाय. आलं तर सांगून ठेवतो, तुला मोहल्ल्यात काय, तालुक्यात जागा राहायची नाय."

मी त्याच्या तोंडाकडे बघून ऐकलं. खाली बघितलं नाही. खोटं कशाला सांगू, भीती गेलेली नाही. ती तिथेच आहे, रोज माझ्याबरोबर उठते, बसते.

महाडच्या कोर्टात तारीख लागली आहे. तिथे विचारतील, पहार कोणाच्या हातात होती, पूर्ण नाव सांगा. मी पूर्ण नाव सांगणार आहे. आधी मुलाचं, मग बापाचं, मग आडनाव.