बाल्कनीचा उपयोग

इमारतींची किंमत ठरवणं हे माझं काम. रोह्याहून निघायचं, टेप लावायची, अहवाल लिहायचा. पेणच्या या बंद थिएटरात मात्र माझा हात काही चालेना. माझ्या आईने पहिला सिनेमा इथे पाहिला होता. भातलावणी आटोपली की जुने मालक दुपारचा एक खेळ फक्त बायकांसाठी ठेवायचे. आमच्या निडी गावच्या बायका शेतातून थेट टेम्पोत बसायच्या. चिखलाचे पाय धुवायला दारात पाण्याचं पिंप भरलेलं असायचं. तिथे आपल्याला कोणी हाड म्हटलं नाही, असं आई शेवटपर्यंत सांगायची. त्या माणसाचे उपकार मी कधीच विसरले नाही.

आता ते नाहीत. त्यांच्या पत्नी, आमच्या चाची, एकट्याच इथे असतात. मुलगे आखातात. बिल्डरला मोकळी जागा हवी होती आणि मुलगे माझ्या अहवालाची वाट बघत होते.

"पाडायलाच सांगशील ना गो?" चाचींनी विचारलं. "माझ्यानं नाय बघवणार."

खोटं लिहिणं मला जमत नाही. मोकळ्या जागेला भाव जास्त येईल, हे त्यांना तोंडावर सांगितलं आणि स्वतःचाच राग आला. मग उपयोग शोधत फिरले. लग्नाचा हॉल करावा, तर जमीन उतरती. पंगत बसली की जिलेबी व्याह्याच्या पानात. गोदाम करावं, तर गल्लीत ट्रक वळत नाही. शेवटी बाल्कनीत चढले. खुर्च्या केव्हाच भंगारात गेलेल्या. उरल्या होत्या रुंद, कोरड्याठाक पायऱ्या.

माझी मामी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवते. पावसात मूर्ती ठेवायच्या कुठे, ही तिथली दरवर्षीची रड. मी तिला फोन केला. ती कारखानदारालाच घेऊन आली. त्याने भिंतीवरून हात फिरवला.

"चावी कधी देताय?"

"आमची मुसलमानांची जागा चालंल तुमच्या गणपतीला?" चाची बिचकत म्हणाल्या.

"चाची, गळत तर नाय ना? मग झालं!"

विक्रीचा भाव आणि दरवर्षीचं भाडं, दोन्ही मी मुलांना कळवलं. भाडं अर्थातच फिकं होतं. थोरल्याचा फोन आला तेव्हा मी चाचींजवळच होते. त्या नुसत्या हुंदके देत राहिल्या. पलीकडून तो म्हणाला, "मा, रडू नको. तुला रडवून आलेला पैसा आम्ही कुठं ठेवणार?"