टाकीला केलेला आग्रह

आमच्या दारात जनावर म्हणाल तर मी एकटाच, तरी घोटीत आमच्या गल्लीतला पहिला गोबरगॅस आमच्याकडंच आला.

त्याला कारण आमची मंडळी, ताराबाई. चुलीच्या धुरानं तिचे डोळे बारा महिने लाल. नाशकाच्या डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, औषध देतो, पण धूर बंद नाय झाला तर पुढं दिसायचं बंद होईल. रॉकेल रेशनवर मिळायचं ते दिव्यापुरतं. सिलिंडर साहेबलोकांच्या घरी. तारा नाशकाहून आली, घरात दोन तास थांबली, पिशवी भरली आणि पेठला भावाकडं निघाली. तिकडं रांधायला भावजय होती.

"बिनधुराची चूल पेटली की निरोप धाडा," म्हणाली. "तवर मी तिकडंच बरी."

"आणि नाय पेटली तर?"

"तर तुम्ही हिकडंच बरे."

मी भाताच्या गिरणीत हमाल. शाळेत मी एकदाच गेलो होतो, छपरावर कौलं चढवायला. पण जिद्दीला शाळा लागत नाय. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे ते सावळे गुरुजी, त्यांना गाठलं आणि सांगितलं, मला गॅस पाहिजे. गुरुजींनी विचारलं, गुरं किती? म्हनलं, एक पण नाय. शेळी? नाय. मग काय हाय? म्हनलं, पेंढा हाय, गवत हाय, बाजारातला सडका पाला हाय आणि बायको पेठला हाय.

गुरुजींना माझी दया आली. ते म्हणाले, गॅस शेण करत नाय, शेणातले जंतू करतात. गाईच्या पोटात तेच बसलेले असतात, गवत कुजवून पचवतात. तेव्हा शेजारून चार पाट्या शेण आणायचं, विरजण म्हणून. मग पाला न् पेंढा बारीक चिरून, भिजवून, रोज घालायचा. पालापाचोळ्यावर पण गॅस होतो.

खड्डा मी खणला. टाकीला विटा गिरणीच्या पडक्या भिंतीच्या. वर पालथं घालायला पत्र्याचं पिंप. विरजणाचं शेण मागायला शेजारच्या गंगूकाकूंकडं गेलो तर त्या म्हणाल्या, आजवर दही मागायला लोक आले, शेण मागायला तूच पहिला.

गुरुजींनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. "रोज एक बादली चिरलेला पाला. एकच. जास्त नाही."

आता इथं माझी एक खोड सांगावी लागते. गावात लग्न असो की बारसं, वाढायला मलाच बोलवायचे. माझ्यासारखा आग्रह करणारा पंचक्रोशीत नव्हता. ताटावर दोन्ही हात आडवे धरलेल्या माणसाच्या बोटांच्या फटीतून मी बुंदी सोडलेली हाय! माझ्या पंगतीतनं माणूस स्वतःच्या पायावर उठला तर मला अपमान वाटायचा. अशा माणसाला कोणी सांगतं का, एकच बादली?

तरी तीन आठवडे मी स्वतःला आवरलं. रोज पेंढा चिरायचा, भिजवायचा, घालायचा. एक दिवस पिंप वीतभर वर उचललेलं दिसलं. पहिल्या दोन दिवसांचा गॅस गुरुजींनी सोडून द्यायला लावला. तिसऱ्या दिवशी शेगडीला काडी लावली आणि निळी, बिनधुराची ज्योत. मी ज्योतीला हात जोडले, गुरुजींना जोडले, चुकून गंगूकाकूंच्या म्हशीला पण जोडले. आणि पेठला निरोप धाडला, रविवारी या.

निरोप गेला न् माझं डोकं फिरलं. तारा येणार, सोबत मेव्हणा येणार. त्यांचा स्वैपाक करताना मधीच गॅस संपला तर? आणि त्या जंतूंचं बघा, तीन आठवडे बिचारे राबतायत, मिळतंय काय तर भिजलेला पेंढा! त्यात शुक्रवारी मागच्या आळीत लग्न. वाढपी मीच. पंगती उठल्यावर उरलेला भात, बुंदी, पाक, मठ्ठा, सगळं दोन हंड्यांत भरून मी टाकीवर आलो.

पहिलं ओगराळं घातलं. मग हात थांबेना.

"घ्या, लाजू नका," मी टाकीला म्हनलं. "तुमचंच घर हाय."

टाकी काय बोलणार! पाहुणा नको म्हणत नाय म्हटल्यावर मी दोन्ही हंडे रिकामे केले. वर पाक. वर मठ्ठा, पचायला बरा म्हणून.

शनिवारी सकाळी बघतो तर टाकी उतू चाललेली. दूध उतू जावं तसा पांढरा फेस अंगणभर, तिथून गल्लीत, गल्लीतून गंगूकाकूंच्या तुळशीपर्यंत. पिंप एका अंगावर कललेलं, मधूनच ढेकर देतंय. वास असा आंबट की गंगूकाकूंची म्हैस गोठ्यात तोंड फिरवून उभी राहिली. मला वाटलं, बरकत आली! शेगडीला काडी लावली. फुस्स. दुसरी लावली. गॅस यायचा जोरात, पण पेटायचा सोडून काडीच विझवायचा. आख्खी काडीपेटी संपली.

गुरुजी आले. नाक धरून टाकीभोवती फिरले. काय घातलं ते मी सांगितलं. पाकाचं सांगताना आवाज जरा बारीक केला.

"अजीर्ण झालंय त्यांना," गुरुजी म्हणाले. "गोड न् मऊ पदार्थ झपाट्यानं आंबतात. त्या आंबटानं जळणारा गॅस करणारे जंतू मरायला लागतात. आता चिमूट चिमूट चुना घाला, आणि खायला काही नाही. काहीही नाही."

"किती दिवस?"

"दहा तरी."

जन्मात पहिल्यांदा मी पाहुण्याला उपाशी ठेवणार होतो, आणि दुसरे पाहुणे रविवारच्या एस्टीत बसलेले होते.

तारा दारात आली, पदर नाकाला. मेव्हणा मागं, पिशवी अजून खांद्यावरच. तिनं फेस बघितला, कललेलं पिंप बघितलं, चुन्यानं पांढरा झालेला मी बघितला.

"पेटली का?"

"परवापर्यंत पेटत होती."

मेव्हणा म्हणाला, अक्का, हीच एस्टी परत जाती. मी खाली बघत उभा. पुढं दिसायचं बंद होईल, हे डॉक्टरचं बोलणं माझ्या कानात वाजत होतं. म्हनलं, तारा, दहा दिवस दे. चूल मी पेटवतो, स्वैपाक मी करतो, तू धुराच्या वाऱ्याला पण उभी राहू नको.

तिनं भावाच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. मग भावाला म्हणाली, "तू जा. मी राहते. ह्यांच्या स्वैपाकावर भरवसा नाय, पण टाकीपाशी ह्यांना एकटं सोडलं तर ते जंतू पुन्हा जेवतील."

दहा दिवस ती अंगणात खाटेवर, टाकीकडं तोंड करून. मी आत चुलीपुढं, फुंकणी तोंडात. तिच्या डोळ्यांतनं बारा वर्षं काय वाहत होतं ते मला चौथ्या दिवशीच कळलं. पाचव्या दिवशी मी भाकरी समजून तव्यावर पोळपाट ठेवला. पण चुना चुकवला नाय, की वर एक शीत घातलं नाय. हात शिवशिवायचे, तारा खाटेवरून नुसती खाकरायची, हात खिशात जायचे. बाराव्या दिवशी काडी लावली आणि ज्योत उभी राहिली. निळी. तारानं पहिला चहा केला, तो गुरुजींना. मला उरलेला.

दोन-तीन महिन्यांत तिच्या डोळ्यांचं पाणी थांबलं, लाली गेली. डॉक्टर म्हणाला, वाचले डोळे. घरी आल्यावर तिनं भिंती बघितल्या, डाळीच्या डब्यातले किडे बघितले, सगळं कसं लख्ख दिसतंय म्हणाली. मग माझ्याकडं वळली आणि बराच वेळ बघत राहिली. मी आपला लाजून मिशी सारखी केली.

"लग्नात पण तुम्ही असेच दिसत व्हता?"

"असाच," मी छाती काढून म्हनलं.

"तरीच," तारा म्हणाली, "मांडवात होमाचा धूर लय झाला व्हता."