घोंगड्यांच्या तक्रारी आणि तीन सॉफ्टवेअर

अंबाजोगाईत आमचं कापडाचं दुकान होतं. टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड गावात आलं, त्याच वर्षी दुकानाच्या मागच्या खोलीतून मी इंटरनेटवर घोंगड्या विकायला लागले. केजकडे एका वस्तीवर मेंढरं राखणारं कुटुंब होतं. त्यातला थोरला भाऊ मागावर बसायचा आणि बाजाराच्या दिवशी एसटीच्या टपावर गठ्ठा टाकून आमच्याकडे माल आणायचा. वेबसाइट माझ्या भावानं करून दिली. तिच्यावर घोंगड्यांचे फोटो, आमचा फोन नंबर आणि ई-मेल, एवढंच होतं.

पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणांहून ऑर्डर येऊ लागल्या आणि त्यांच्यामागून फोन. फोन गल्ल्याजवळ होता. जवळ जो असेल तो उचलायचा. कधी मी, कधी आमचे हे, बहुतेकदा मामा, म्हणजे माझे सासरे. मामांना बोलायला आवडायचं. गिऱ्हाईक नागपूरचं असो की नाशिकचं, त्याच्या घरी कोण कोण आहे हे कळल्याशिवाय ते फोन ठेवायचे नाहीत.

एका दुपारी नाशिकच्या एका बाईंचा फोन मी घेतला. त्यांनी नाव सांगितलं. मी नेहमीसारखं म्हटलं, "काय झालंय ते जरा पहिल्यापासून सांगता का?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगायची ही माझी चौथी वेळ आहे. मी सगळं लिहून ठेवलंय. पाठवू का?"

संध्याकाळी त्यांची ई-मेल आली. त्या सरकारी दवाखान्यात वॉर्ड सिस्टर होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवऱ्याची कंबर धरलेली, म्हणून घोंगडी हवी होती. त्यांनी वार आणि वेळेसकट सात ओळी लिहिल्या होत्या. सोमवारी सकाळी वयस्क गृहस्थ बोलले, खळ न लावलेली देतो म्हणाले. पुढच्या शनिवारी घोंगडी आली, ती कडक खळीची. रविवारी पुरुषाचा आवाज, परत पाठवा म्हणाले. परत पाठवली, पोच नाही. बुधवारी वयस्क गृहस्थ पुन्हा, त्यांना आधीचं काही आठवत नव्हतं. अशा सात ओळी. रागाचा एक शब्द कुठे नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

चिंचोक्याची खळ लावली की घोंगडी ताठ राहते. जुन्या लोकांना ती तशीच आवडते, पण नाजूक कातडीला टोचते. त्यांची परत आलेली घोंगडी मला गोदामात सापडली. वरचं पोतंसुद्धा उसवलेलं नव्हतं.

मी ई-मेल मामांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "वयस्क गृहस्थ म्हंजे मीच हाय. शब्द दिल्ता मी बाईला. तुला सांगायचं राह्यलं."

मी दुसऱ्याच दिवशी विणकराला निरोप पाठवून बिनखळीची घोंगडी मागवली आणि ती नाशिकला गेली. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, यासाठी सॉफ्टवेअर असतं. गिऱ्हाइकाचं सगळं बोलणं एका जागी ठेवणारं. त्याला सीआरएम म्हणतात. त्यानं पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आमच्याकडे पाठवला.

तो माणूस नीटनेटका होता. लॅपटॉप उघडून त्यानं तासभर दाखवलं. होऊ शकणारं गिऱ्हाईक, झालेलं गिऱ्हाईक, पुढच्या तिमाहीत किती माल जाईल त्याचा रंगीत आलेख. मी सिस्टरबाईंची ई-मेल छापून ठेवली होती. ती त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "ह्या सात ओळी यात भरून दाखवा."

त्यानं एका पडद्यावर नाव भरलं, दुसऱ्यावर ऑर्डर, तिसऱ्यावर फोन. तक्रार कुठे भरायची हे विचारल्यावर म्हणाला, "तो भाग वेगळा घ्यावा लागतो मॅडम." तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि पंखा थांबला. लॅपटॉप चालू होता, पण पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायचं तर दुकानात एक संगणक दिवसभर चालू ठेवावा लागणार होता. आमच्याकडे रोज सहा-सात तास वीज नसायची. मी तसं सांगितलं. तो प्रामाणिक होता, म्हणाला, "मग तुमच्यासाठी हे नाही." चहा पिऊन गेला.

दुसरं सॉफ्टवेअर परदेशी होतं, थेट इंटरनेटवर चालणारं. महिनाभर वापरून बघायला देत होते. ई-मेलचं काम त्यात फार छान होतं. प्रत्येक तक्रारीला नंबर पडायचा आणि उत्तर दिल्याशिवाय ती डोळ्यांपुढून जायची नाही. मी दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी मामांनी सांगितलेलं मराठीत टाइप केलं, तर जतन केल्यावर सगळ्या अक्षरांच्या जागी चौकोन आले. मी त्यांना इंग्रजीत लिहून विचारलं. त्यांचं उत्तर एका दिवसात आलं, फार सभ्य भाषेत, की तुमची लिपी आमच्या यादीत आहे पण कधी होईल ते सांगता येत नाही.

आमचे हे म्हणाले, "इंग्रजीत लिही की मग. कावून अडून बसलीस?"

"मी लिहीन," मी म्हटलं, "पण मामा वाचणार कसे? फोन तर तेच घेतात."

ते दुसरंही मग सोडून दिलं.

तिसरं दक्षिणेतल्या एका लहान कंपनीचं होतं. दिसायला साधं, आलेख जवळजवळ नाहीत. पण गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की एकाच पानावर वरून खाली सगळं दिसायचं, ऑर्डर, फोन, ई-मेल, कोणी काय कबूल केलं ते. मी सात ओळी मराठीत भरल्या. अक्षरं शाबूत राहिली. मामांना बोलावून पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाले, "हा तर मेडिकल कॉलेजचा केसपेपर हाय. डॉक्टर बदलला तरी कागद तोच."

तेच घेतलं. त्यात उणं बरंच होतं. पान उघडायला वेळ लागायचा, आणि वीज नसताना कागदावर लिहून नंतर भरावं लागायचं.

खरी अडचण मात्र पुढेच होती. मामा वीस मिनिटं बोलायचे आणि कागदावर लिहायचे, 'बोललो.' मी म्हटलं, "मामा, यातून मला काय कळणार?" ते म्हणाले, "तू विचार की, मी सांगतो." आठवडाभर असंच चाललं. मग एकदा त्यांनी कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाला काळ्या काठाची घोंगडी कबूल केली, तो माणूस पुन्हा फोनवर आला आणि मामांना काही आठवेना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवसापासून ते लिहायला लागले. मी कळफलकावर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि महिन्याभरात ते एका बोटानं टाइप करू लागले. त्यांच्या नोंदी माझ्या नोंदींपेक्षा लांब असत. 'गुडघे दुखतात. मुलगी माहेरी आली नाही म्हणून नाराज. लई बारीक आवाज. घोंगडी सहा हात.'

पावसाळा संपता संपता मी तक्रारी एकत्र काढून बघितल्या. निम्म्याहून जास्त लोकांनी घोंगडी साबणानं धुतली होती आणि खळ गेल्यावर ती ढिली पडली म्हणून कळवलं होतं. बाजाराच्या दिवशी विणकर आला तेव्हा मी त्याला हे वाचून दाखवलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

"धुतात कशापायी?" तो म्हणाला. "उन्हात झटकायची असती ती."

"त्यांना कोणी सांगितलंच नाही."

"मग आपलीच चूक हाय, ताई." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "अजून कोणाचं काय हाय? वाचा की."

त्या दिवशी मी त्याला तासभर नोंदी वाचून दाखवल्या. विणलेली घोंगडी दुकानात टाकल्यावर पुढे कुठे जाते हे त्याला तोवर कधी कळलं नव्हतं. एका बाईनं काठ एका बाजूला आत ओढला गेल्याचं कळवलं होतं. त्यावर तो म्हणाला, "ती माझ्या धाकट्या भावाच्या हातची." पुढच्या खेपेपासून धाकट्याच्या घोंगड्या तो आधी स्वतः ताणून बघू लागला. आम्ही मराठीत एक चिठ्ठी छापून प्रत्येक घोंगडीच्या घडीत घालू लागलो, कशी झटकायची, कशी ठेवायची. त्यानंतर धुण्याच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

तीनेक वर्षांनी त्या लहान कंपनीची ई-मेल आली की महिन्याभरात आम्ही बंद होत आहोत, तुमची माहिती उतरवून घ्या. मी घाबरले. पण या खेपेला निवड करायला दोनच दिवस लागले, कारण काय विचारायचं ते आम्हाला ठाऊक होतं. नव्या कंपनीच्या बाईंशी फोनवर मामाच बोलले. आलेख, किंमत, काही विचारलं नाही. म्हणाले, "आधीचं सगळं लिहिलेलं जसंच्या तसं येतं का तुमच्यात? मराठी?" त्या हो म्हणाल्या. मामांनी ते त्या बाईंच्या नावासकट लिहून घेतलं आणि मगच फोन ठेवला.