अस्तराचं पॅराशूट

आमच्या शहरातल्या कॅम्प दोन वस्तीत माझ्या पॅन्ट्स आखूड करून देणारा टेलर सगळ्यांना ‘सेठ’ म्हणतो आणि ओठांत टाचणी धरूनच बोलतो. वर्षभर मशीनशेजारी तो कमरेएवढं मॉडेल रॉकेट जोडत होता. पंख चिकटवायचा, घासायचा, फुंकर मारायचा, पुन्हा घासायचा. किटमधलं प्लास्टिकचं पॅराशूट मात्र त्याने टाकून दिलं आणि उरलेल्या पिवळ्या अस्तराचं स्वतः शिवलं.

“सेठ, ऊपर तो कोई भी भेजेगा. उतरवायला टेलर लागतो.”

कुळगावजवळच्या माळावर रॉकेट सुटलं, तेव्हा आमच्या माना वर गेल्या. तो चपलांकडे बघत उभा राहिला. आभाळात पिवळं काहीतरी फुललं आणि अजिबात घाई नसल्यासारखं तरंगत खाली यायला लागलं.

“उघडलं!” मी ओरडलो.

त्याने ओठांतली टाचणी काढून कॉलरला टोचली आणि मगच वर बघितलं.