मागच्या चाकावरचा आवाज

गाडी मी माझ्या मैत्रिणीकडून घेतली. आम्ही दोघी रोह्याच्या एकाच शाळेत शिकवतो, ती मराठी आणि मी विज्ञान. राहायला दोघी पेणला. बारा वर्षं आम्ही एसटीच्या एकाच बाकावर बसून रोह्याला गेलो. डबे एकमेकींच्या पिशव्यांत असायचे. माझे यजमान गेले तेव्हा पहिले पंधरा दिवस ती रात्री माझ्या घरी झोपायला होती. तिच्या मुलाची दहावी होती त्या वर्षी, तरीसुद्धा.

तिच्याकडे गाडी होती, पण ती फक्त लग्नकार्याला निघायची. मग तिच्या मुलाला नोकरी लागली, त्याने मोठी गाडी घेतली आणि जुनी विकायची ठरली. माझे वडील माझ्याकडेच असतात. त्यांना दर रविवारी गागोद्याला, माझ्या भावाच्या शेतावर, वाल कसा आलाय ते बघायला जायचं असतं आणि गुडघ्यांमुळे एसटी चढवत नाही. मी म्हटलं, मलाच दे.

"तुलाच देणार होते," ती म्हणाली. "परक्याला दिली तर जीव तुटला असता."

"कुठे लागलीबिगली नाय ना गं?"

"एक ओरखडा दाखव आणि फुकट घेऊन जा."

चालवायला तिनेच शिकवलं. वडखळच्या पुलाखाली माझी गाडी तीनदा बंद पडली, मागचे ट्रकवाले ओरडत होते, आणि ही शेजारी बसून शांतपणे म्हणत होती, "क्लच दाब. घाई करू नकोस. त्यांना ओरडू दे." महिन्याभरात मी पेण ते रोहा एकटीने चालवायला लागले. एकटीने म्हणजे ती शेजारी असायचीच. आमचा एसटीतला बाक तेवढा गाडीत आला होता.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो गडबच्या पुढे. गतिरोधकावरून मागची चाकं उतरली आणि मागून, उजव्या बाजूने, कुरकुर झाली. जुन्या लाकडी पलंगावर कोणी कूस बदलावी तशी. मी म्हटलं, "ऐकलंस?"

"काय?"

"मागे काहीतरी वाजलं."

ती थोडा वेळ कान देऊन बसली. पुढचा गतिरोधक आला. पुन्हा तेच.

"आत्ता?"

"मला तर काही नाय ऐकू आलं," ती म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली.

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. मला आवाज यायचा, तिला यायचा नाही. रविवारी वडील मागे बसायचे, पण त्यांच्या उजव्या कानाचं यंत्र अर्धा वेळ खिशातच असायचं, त्यामुळे त्यांची साक्ष उपयोगाची नव्हती. शाळेच्या मागच्या गल्लीतच एक गॅरेज आहे. तिथे दाखवते म्हटलं तर तिने माझा हात धरला. "त्याच्या दारात उभी राहू नकोस. चांगले पार्ट काढून घेतो आणि जुने बसवतो. आमचा अनुभव आहे. पेणला आमचा माणूस आहे, त्याच्याकडे जा."

मी तिच्या पेणच्या माणसाकडे गेले. त्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली. डिक्कीवर दोन्ही हात ठेवून ती खाली दाबली, सोडली, पुन्हा दाबली. शॉकॲब्सॉर्बर गेलेत म्हणाला. दोन्ही बदलले. गाडी उसळायची कमी झाली, हे खरं. कुरकुर होती तिथेच राहिली.

मी विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांना सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. ते मी स्वतः करायचं ठरवलं. रिकामी गाडी हळू चालवून बघितली, मग वडिलांना बसवून, मग तांदळाचं पोतं डिक्कीत टाकून. वजन वाढलं की आवाज जाड व्हायचा. सकाळी कमी, दुपारी जास्त. आणि ऐन पावसात, तळ्यासारख्या साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की अजिबात नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात आली त्या रविवारी मी गागोद्यात भावाच्या अंगणात गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. बहीण गाडीखाली, हे बघायला भावाच्या शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. "काय गो, काय हरवलं?" एकीने विचारलं. मी टॉर्च तोंडात धरली होती, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

मागची दोन चाकं जोडणारा अॅक्सल जिथे गाडीच्या अंगाला जोडलेला असतो, तिथे दोन्ही बाजूंना रबराचे जाड बुश असतात. दोन लोखंडांमधली गादीच ती. मी बाटलीतलं पाणी उजव्या बुशवर ओतलं आणि भावाला डिक्कीवर बसून उड्या मारायला सांगितल्या. आवाज नाही. पंधरा मिनिटांनी पाणी सुकलं. पुन्हा उड्या. कुरकुर. डावीकडे असला प्रकार नव्हता. मला इतका आनंद झाला की मी गाडीखालूनच हसायला लागले.

सोमवारी तिला सगळं सांगितलं. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "पाणी टाकून आवाज थांबतो म्हणजे काय? काहीतरीच तुझं."

तिच्या माणसाने माझ्या सांगण्यावरून बुश बदलला. गाडी गप्प झाली. दोन महिने मी सुखात होते. तिसऱ्या महिन्यात, नागोठण्याच्या अलीकडे, कुरकुर परत आली. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती काळजी माझ्यासाठीच आहे असं मला वाटलं.

"आता बुश नवा आहे," ती म्हणाली. "आता कसला आवाज येणार? मला खरं सांग, झोप लागते का तुला?"

"लागते की."

"एकटं पडलं की होतं असं. माझ्या आत्याला दारावरची कडी वाजल्यासारखी वाटायची. तू एकदा कान दाखवून घे."

मला राग आला नाही. उलट वाटलं, आपल्यासाठी इतका विचार करणारं हिच्याशिवाय कोण आहे. पेणच्या कानाच्या डॉक्टरांकडे ती माझ्याबरोबर आली. कानाला हेडफोनच्या टोप्या लावून मी बंद खोलीत बसले, बारीक आवाज आला की बोट वर करायचं. काचेपलीकडे ती बाकावर बसलेली दिसत होती, मांडीवर माझी पर्स धरून. कान उत्तम आहेत, डॉक्टर म्हणाले. माझ्या वयाला इतके चांगले कमी बघायला मिळतात. मी बाहेर येऊन तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग टेन्शनचं असेल." आणि मी मान डोलावली. पुढचे काही आठवडे मी गाडीत रेडिओ मोठा लावायला लागले. खरंच सांगते, मला माझ्याच डोक्याची भीती वाटायला लागली होती.

बुश दुसऱ्यांदा बदलला. पुन्हा दोन महिने शांतता, पुन्हा कुरकुर. तेव्हा डोक्यात आलं की भास कधी बुश बदलल्यावर बरोबर दोन महिने रजेवर जात नाहीत. आणि प्रश्न बदलला. आवाज कुठून येतो ते मला कळलं होतं. नवा बुश दोन महिन्यांत का मरतो, ते कळलं नव्हतं.

त्या दिवशी तिचे सलग दोन तास होते आणि माझा मोकळा. मी तिला न सांगता गाडी शाळेमागच्या गॅरेजमध्ये नेली.

तिथला मिस्त्री पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. मी आवाजाबद्दल सांगायला सुरुवात केली तोवर तो गाडीच्या मागे जाऊन नंबर वाचत होता.

"मॅडम, ही गाडी तुमच्याकडं कशी?"

"मी घेतली. का?"

त्याने गाडी लिफ्टवर चढवली, मला खाली बोलावलं आणि हातातल्या दिव्याचा उजेड उजव्या बुशच्या वर टाकला. "हे बघा. ह्या ब्रॅकेटमधी बुश बसतो. हे वेल्डिंग दिसतं ना? माझ्या हातचं हाय."

मला काही समजेना. मग त्याने समजावलं. दोन वर्षांपूर्वी कोलाडच्या अलीकडे या गाडीला मागून टेम्पोने ठोकलं होतं. डिक्की आत गेली, ब्रॅकेट वाकलं. गाडी ओढून त्याच्याकडे आणली. त्याने सांगितलं होतं की हा भाग कापून नवीन लावायला हवा. मालकांना घाई होती. ठोकून सरळ करा, वेल्डिंग मारा, बाहेरून रंग चांगला द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

"सरळ केलं, पण एवढंसं तिरकं राहिलंच," त्याने करंगळीचं पेर दाखवलं. "बुश बसवताना तो पिळूनच बसतो. कितीबी नवीन घाला, फाटणारच. मी म्हटलेलं, विकणार असाल तर घेणाऱ्याला सांगा. आणि हे बघा, आता वेल्डिंगला चीर पडाय लागलीय. वेळेत आणलीत. मागं कोण बसतं?"

"वडील," मी म्हटलं.

त्याने डिक्कीतली चटई उचलून दाखवली. स्टेपनीच्या खड्ड्याचा पत्रा हातोड्याच्या खुणांनी भरलेला होता. वर्षभर मी त्यावर तांदूळ आणि भाजी ठेवत होते.

"गाडी न्यायला कोण आलं होतं?" मी विचारलं. उत्तर माहीत होतं.

"सर आणि मॅडम दोघंबी. मॅडम तुमच्याच शाळेतल्या, नव्हं?"

मी शाळेत परत गेले आणि तास घेतला. आवाज माध्यमातून कसा प्रवास करतो, हाच धडा होता. कसा शिकवला, आठवत नाही.

घरी जाताना ती नेहमीसारखी शेजारी बसली, पिशवीतून शेंगदाणे काढले, मला दिले. मी घेतले नाहीत. गडबला भाजीच्या दुकानांपुढे गाडी बाजूला लावली आणि इंजिन बंद केलं.

"आज मागच्या गल्लीत गेले होते. गाडी दाखवायला."

 हातातले शेंगदाणे तिने परत पिशवीत टाकले, एकेक करून.

"खरं सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस," शेवटी ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं होतं, बोलू नकोस. मला वाटलं आता दुरुस्त झालीय, काय होतंय."

"ठीक आहे. विकताना नाय सांगितलंस. पण नंतर?"

"रोज ठरवायचे, आज सांगू. मग गाडीत बसले की धीर व्हायचा नाही."

"तुला आवाज यायचा?"

रस्त्यावरून कंपनीच्या शिफ्टची बस गेली. 

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली.

गाडीचं मला तेवढं लागलं नव्हतं. लोखंड वाकतं, माणसं लपवतात, हे मी समजून घेतलं असतं. पण हिने मला बंद खोलीत टोप्या घालून बसवलं होतं. काचेपलीकडे बसून माझं बोट वर जाताना बघितलं होतं. यजमान गेल्याच्या दुःखाचा तिने असा उपयोग केला होता.

"माझे वडील मागे बसतात," मी म्हटलं. "तू दर रविवारी त्यांना हात हलवायचीस."

ती रडायला लागली. गाडी परत घेते, म्हणाली. मी नको म्हटलं. मग तिला पेणला तिच्या दारात सोडलं, कारण गडबला एसटी थांबेल की नाही याचा भरवसा नव्हता. पूर्ण रस्ता गाडी कुरकुरत होती आणि आम्ही दोघी ती ऐकत होतो.

गाडी आठ दिवस रोह्याला राहिली. मिस्त्रीने ब्रॅकेट कापून दुसरं लावलं, जागा मापून. बुश बसवल्यावर त्याने गाडी आधी चाकांवर उतरवली आणि मगच बोल्ट आवळला. हवेत लटकत असताना आवळला तर तो पुन्हा पिळतो, असं त्याने मला दाखवून सांगितलं. आता तीन वर्षं होत आली. तो बुश अजून तोच आहे.

गडबच्या त्या संध्याकाळनंतर ती एसटीनेच जायला लागली, गाडी परत आल्यावरही. मी विचारलं नाही, तिने विचारलं नाही. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीच आहेत. पेपर तपासायचे असतात, वेळापत्रक असतं, बोलावं लागतं, बोलतो. डबा मी उघडते, ती उघडते. एकमेकींच्या डब्यात हात घालत नाही. एकदा तिने ताकाची बाटली पुढे केली होती. मला तहान होती, तरी मी नको म्हटलं आणि नंतर नळावर जाऊन पाणी प्यायले.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका द्यायला ती घरी आली, वडिलांच्या पाया पडली, चहा घेतला. मी लग्नाला गेले. पंगतीत आमच्या शाळेतल्या एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, हिची गाडी घेतलीत ना तुम्ही? कशी चालते?" ती तेव्हा आमच्याच ओळीत जिलबी वाढत होती. तिचा हात मधेच थांबला.

"चांगली चालते," मी म्हटलं.

तिने माझ्या पानात जिलबी वाढली, एक जास्तीची ठेवली आणि पुढच्या पानाकडे सरकली.