एकशे अठ्ठावीस एमबीत काय मावतं

माझ्या पहिल्या एमपीथ्री प्लेअरमध्ये एकशे अठ्ठावीस एमबी जागा होती आणि ती मला पुरत होती. हे मी तेव्हाही सांगायचे, आजही सांगते. ऐकणारे तेव्हाही हसायचे, आजही हसतात. हसा. पण आधी काय झालं ते ऐका.

दहावीला चांगले मार्क पडले म्हणून अब्बांनी मला नांदेडहून लातूरला पाठवलं. तेव्हा आमच्या भागात चांगले मार्क पडलेलं पोरगं दुसरीकडे जातच नसे. भूकंपाने लातूरचं नाव देशभर झालं होतं, त्यानंतर ते क्लासेसनी पुन्हा झालं. उमरीची, भोकरची, देवणीची, कुठकुठली मुलं पत्र्याच्या ट्रंका घेऊन तिथे उतरायची. अब्बांचं जुन्या नांदेडात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझी शाळा मराठी, म्हणून लिहायला लागले की हात मराठीकडेच वळतो.

प्लेअर मामूंनी सौदीहून आणला होता. अंगठ्याहून थोडा मोठा, चंदेरी, आत एक बारीक सेल. अम्मीने तो उलटासुलटा करून पाहिला.

"कित्ते गाने आते इसमें?"

"तीसेक येतील," मामू म्हणाले.

"इत्तेच?" अम्मीने तोंड वाकडं केलं. आमच्याकडे पेटीभर कॅसेट होत्या.

मी सायबर कॅफेत जाऊन गाणी भरून आणली. थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवली, कारण त्याच आठवड्यात आपाचं, माझ्या मोठ्या बहिणीचं, लग्न होतं आणि त्या प्लेअरला आवाज टिपायची सोय होती. आमच्यात लग्नाआधी घरच्या बायका ढोलकीभोवती बसतात आणि समधनीला म्हणजे विहिणीला, नवरदेवाला, त्याच्या अख्ख्या खानदानाला चिडवणारी गाणी म्हणतात. ती गाणी कुठल्या दुकानात मिळत नाहीत. एका खालाला, म्हणजे अम्मीच्या बहिणीला, एक कडवं येतं, दुसरीला दुसरं, आणि निम्मी तर बसल्या बसल्या जुळवलेली असतात. मी प्लेअर पानाच्या तबकात ठेवून दिला. आवाज खरखरीत आला. मध्ये कुकरची शिट्टी आहे, एक खाला हसता हसता खोकायला लागते, आणि आपा "बस करो ना" म्हणून ओरडते. तीन गाण्यांची जागा त्या रेकॉर्डिंगनेच खाल्ली. खाऊ दे म्हटलं.

लातूरला मला खोली मिळाली ती एका मावशींच्या घरात. मावशी एकट्या राहायच्या. लेक लग्न होऊन गेलेली, आणि नवरा भूकंपात गेलेला. शहराला लागून त्यांनी घर बांधलं होतं, वर नुसते पत्रे. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली आम्ही पापडासारख्या भाजायचो. स्लॅब का टाकत नाही असं कुणी विचारलं की मावशी म्हणायच्या, "डोक्यावर वजन नको मला."

खोलीत माझ्यासोबत देवणीची एक मुलगी होती. खोल्यांमधून आम्ही एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारायचो. ती देवणी, मी नांदेड. तिचे वडील जनावरांच्या दवाखान्यात होते. स्वभावाने घाबरट, पण अभ्यासात माझ्या पुढे.

पहिल्याच संध्याकाळी मी दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं घालून आडवी झाले होते. मावशींनी दारातून हाक मारली. मला कुठे ऐकू येणार! त्यांनी आत येऊन सरळ एका कानातलं बोंड ओढून काढलं.

"माझ्या घरात दोन्ही कान बंद करायचे न्हाईत. एकात घाल, एक मोकळा ठेव."

"का?"

"जमीन हलायच्या आधी आवाज येतोय."

मी सोळा वर्षांची, जिभेला हाड नाही. "मावशी, भूकंप होऊन किती वर्षं झाली!"

"लोकांच्यात झाली असतील. माझ्या घरात न्हाई झाली."

मग त्यांनी उंबऱ्यावर बसून सांगितलं. गावात गणपती विसर्जन झालं होतं, नवरा मिरवणुकीत नाचून दमून झोपला होता. पहाटे मावशींना खालून गडगड ऐकू आली, ट्रक यावा तशी. त्यांनी लेकीला उचललं आणि नवऱ्याला हाका मारत अंगणात धावल्या. त्याला हाका ऐकू गेल्या नाहीत. एवढंच सांगितलं आणि पदर झटकून चुलीकडे गेल्या.

मला तो नियम आवडला नाही, पण मी तो मोडलाही नाही. आम्ही एक वाट काढली. एक बोंड माझ्या कानात, एक देवणीच्या. त्यात गंमत अशी की काही गाण्यांत एका बाजूला नुसती वाद्यं आणि दुसऱ्या बाजूला गाणारा असायचा. मग "तुझ्याकडे काय चाललंय?" असं विचारत गाणं पुरं करावं लागायचं. नाहीतर मध्येच बोंडं बदलायची.

एका कानाची भागीदारी झाली तशी देवणीला जागेतही वाटा हवा झाला. तिचं आजोळ सीमेपलीकडचं, तिला दोन कन्नड भावगीतं पाहिजेत. एक आत यायचं म्हणजे एक बाहेर जाणार. आम्ही त्यावर कचाकचा भांडलो. माझं एक लाडकं गाणं गेलं तेव्हा मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. पण त्यामुळे एक झालं, आत जे राहिलं ते आम्हाला दोघींना खरंच हवं होतं. आमच्या बॅचमधल्या एका मुलाकडे हजार गाण्यांचा भारी प्लेअर होता. तो सारखा पुढचं बटण दाबायचा, एकही गाणं शेवटापर्यंत ऐकताना मी त्याला पाहिला नाही. आम्हाला दिवसात वेळ मिळायचा तो क्लासला चालत जाताना आणि मेसचा डबा येईपर्यंत. तेवढ्यात पाचसहा गाणी होतात. उरलेली दुसऱ्या दिवशी. सांगा, जास्त जागेचं मी काय केलं असतं?

बारावीच्या सहामाहीच्या सुमारास क्लासच्या मुख्य सरांनी नवीन टूम काढली. रसायनशास्त्राच्या सगळ्या अभिक्रिया, भौतिकची सगळी सूत्रं त्यांनी आवाजात भरून घेतली होती. सर स्टेजवरून म्हणाले, "ज्यांच्याकडे प्लेअर आहेत त्यांनी ऑफिसात जमा करा, संध्याकाळी भरून मिळतील. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना काउंटरवर एक जीबीचे मिळतील. जेवताना ऐका, अंघोळीला जाताना ऐका. कान रिकामा ठेवू नका!"

देवणी म्हणाली देऊ नको. मी म्हटलं दोन गाणी काढून देते, तेवढ्या जागेत बसेल तेवढं बसेल. संध्याकाळी प्लेअर परत मिळाला. जिन्यातच बोंड कानात घातलं तर सरांचा आवाज. पुढचं बटण दाबलं, पुन्हा सर. शेवटपर्यंत सरच. सगळी गाणी गेली होती, कन्नड भावगीतं गेली होती, खालांची ढोलक गेली होती.

मी उलट्या पावली ऑफिसात गेले. देवणी जिन्यात थांबली. सर कुणाच्या तरी वडिलांशी बोलत होते.

"सर, माझ्यातलं सगळं पुसलंय."

"जागा नव्हती ना बाळा त्याच्यात. केवढासा तो."

"माझ्यात घरचं रेकॉर्डिंग होतं. विचारायचं तरी."

सर त्या पालकांकडे बघून हसले. "तुला डॉक्टर व्हायचंय का गायिका?"

"ते नंतर बघू सर. माझं होतं ते परत पाहिजे."

कॉम्प्युटरवरच्या माणसाने मान हलवली, गेलेलं येत नाही म्हणाला. तेव्हा सरांनी काउंटरवरून एक नवाकोरा डबा मागवला आणि माझ्यापुढे सरकवला. "घे. एक जीबी. माझ्याकडून. यात आठपट जागा आहे, तुझी गाणी भर, माझी सूत्रं भर. झालं समाधान?"

आजही मला त्या डब्याचा चकचकीत कागद दिसतो. पालक कौतुकाने बघत होते, सर किती मोठ्या मनाचे म्हणून. मी डबा परत सरकवला.

"जागा नको सर. मी जागा मागायला आले नव्हते. तुम्ही चुकलात एवढं म्हणा."

सरांचा चेहरा उतरला नाही, पण आवाज बदलला. "उद्या वर्गात सगळ्यांसमोर माफी मागायची. नाहीतर वर्गात बसायचं नाही."

मी माफी मागितली नाही. दोन दिवसांनी एसटीने अब्बा आले.

अब्बा आधी क्लासमध्ये जाऊन आले, मग घरी. पत्र्याखाली लोखंडी खुर्चीवर बसून टोपीने वारा घेत राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माफी माँग लेना बेटा. दो लफ्ज की बात है."

"मी काय केलं अब्बा?"

"तू काही केलं नाहीस. पण वर्ष वाया जाईल. मोठ्या माणसाशी असं नाही करत." मग ते मावशींकडे वळले. "तुम्हीच सांगा हिला जरा समजावून."

मावशी शेंगा निवडत होत्या. मला वाटलं, आता यासुद्धा तेच म्हणणार.

"मी काय समजावू? तिची वस्तू तिला न विचारता पुसली, वर तीच माफी मागणार व्हय?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "भूकंपानंतर मला बी लई दिलं लोकांनी. भांडी दिली, लुगडी दिली, घर दिलं. मी ढिगाऱ्यातून माझी कळशी काढून मागत होते, तर हसायचे. म्हणायचे, बाई नवी घे की, एवढ्या पडल्यात. चेपली होती, पण माझी होती."

"मिळाली का?" अब्बांनी विचारलं.

"न्हाई. पण मागायची सोडली न्हाई मी."

अब्बांनी टोपी डोक्यावर घातली. मग मला म्हणाले, "सामान भर. ईदला चार दिवस घरी चल. पुढचं पुढे." क्लासला ते पुन्हा गेले नाहीत.

नांदेडला मी सगळ्या खालांना गोळा केलं आणि पुन्हा गा म्हटलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. एक खाला म्हणाली, "आपा की शादी दुबारा करनी क्या?" ढोलकही मिळेना, ती कुणीतरी भोकरच्या लग्नाला नेली होती. शेवटी स्वयंपाकघरात पातेलं पालथं घातलं आणि बायका बसल्या. पहिलं जे होतं ते काही आलं नाही. आपा सासरी होती, ओरडायला कोण? कडवी विसरली होती, सूर पातेल्याला जुळेना, आणि माझं तोंड उतरलं ते सगळ्यात मोठ्या खालाने पाहिलं. तिने पातेलं स्वतःकडे ओढलं आणि विचारलं, तुझा तो सर दिसतो कसा? मी सांगितलं, चष्मा आहे. मग तिने सुरू केलं:

"लातूर के सर आये, चष्मा लगा को,
समधन के गाने खाये, चटनी बना को."

अम्मी, जी तोवर माझ्यावर रागावलेलीच होती, तिने पुढची ओळ जोडली:

"गाने मिटा को सर सूत्रां भराये,
दूल्हे के कान में फार्मुले सुनाये."

बायका हसून हसून लोळल्या. बाहेर दुकानातून आलेले अब्बा दारात उभे होते. त्यांनी आत येऊन एवढंच विचारलं, "रेकॉर्ड हुआ क्या?" झालं होतं. सरांच्या सगळ्या अभिक्रिया पुसून मी जागा केली होती.

लातूरला परतले ती कॉलेजपुरती. क्लास सुटला तो सुटला. देवणी रोज क्लासहून आली की वह्या माझ्यापुढे टाकायची, आणि आम्ही एकेक कान वाटून घेऊन अभ्यासाला बसायचो. खालांचं गाणं तिलाही पाठ झालं. घाबरट म्हणायचे ना मी तिला, पण सरांनी तिला माझी संगत सोड म्हणून बजावलं, तेव्हा ती "हाव सर" म्हणाली आणि त्याच संध्याकाळी माझ्यासाठी झेरॉक्स काढून घेऊन आली.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. नातेवाइकांनी लगेच हिशोब मांडला, की गाण्यांपायी पोरीने डॉक्टरकी घालवली. घालवली असेल. एक जीबीभर सूत्रं ऐकून ज्यांचे नंबर लागले नाहीत त्यांनी कशापायी घालवली, ते मात्र मला कुणी सांगितलं नाही. मी बी.फार्म. केलं, नांदेडला स्वतःचं मेडिकल टाकलं, अब्बांच्या दुकानाला लागूनच. देवणी जनावरांची डॉक्टर झाली. मावशी मी लातूर सोडेपर्यंत पत्र्याखालीच राहत होत्या, पुढे लेकीने नेलं.

मध्यंतरी भोकरला दूरच्या नात्यात लग्न होतं. मी बायकांत बसले होते. नवरीच्या मैत्रिणींनी ढोलक घेतली, आणि एकीने सुरू केलं ते चष्मेवाल्या सरांचं गाणं. ती मुलगी कोण, तिला ते कुणी शिकवलं, मला ठाऊक नाही. मी विचारलं तर म्हणाली, जुनंच आहे, नानी म्हणायची. फक्त लातूरच्या जागी तिने कोटा घातलं होतं. तिचा भाऊ तिकडे क्लासला गेलाय म्हणे. मी काही दुरुस्ती केली नाही. टाळ्यांत हात मिसळला आणि पुढचं कडवं मीच मोठ्याने म्हटलं.